किमबुवा, किमबाई आणि आमच्या आत्याबाई

किमबुवा कुणालाही कमरेतून वाकून नमस्कार करायचे. कुणालाही म्हणजे अगदी कुणालाही. बसच्या कंडक्टरला, दूधवाल्याला, तलावाच्या पाळीवर म्हशी राखणाऱ्या गुराख्याला. ते आमच्या एकोडी गावात राहायला आले त्या सकाळी मी अंगणात सडा टाकत होते. शेणाने भरलेले हात, कमरेला खोचलेला पदर, आणि पांढऱ्या केसांचा, सत्तरी ओलांडलेला एक माणूस माझ्यासमोर काटकोनात वाकला. मला दरदरून घाम फुटला. वडीलधाऱ्याने सुनेपुढे वाकायचं म्हणजे सुनेच्या पदरी केवढं पाप! मी बादली तिथंच टाकून घरात पळाले. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, काय झालं ते पाहायला बाहेर आल्या, तर त्यांनाही तोच नमस्कार. त्यांनी घाईघाईने डोक्यावरचा पदर पार नाकापर्यंत ओढला.

हे नवराबायको दक्षिण कोरियाचे. किमबुवा तिकडे पाद्री होते. निवृत्त झाल्यावर लोक नातवंडं खेळवतात, हे दोघं साकोलीतल्या एका लहानशा प्रार्थनाघराची देखभाल करायला आले. साकोलीत हायवेच्या गाड्यांनी झोप येईना, म्हणून आमच्या रस्त्याकडच्या दोन खोल्या त्यांनी भाड्याने घेतल्या. गाव आधी त्यांना 'चायनावाले' म्हणायचं. माझ्या सासऱ्यांनी, मामाजींनी, पानठेल्यावर उभं राहून सगळ्यांना समजावलं तेव्हा कुठे ते किमबुवा आणि किमबाई झाले.

त्यातही एक भानगड निघालीच. किमबाईंचं आडनाव किम नव्हतंच. त्यांच्या देशात लग्नानंतर बाईचं आडनाव बदलत नाही, हे आम्हाला काय माहीत! भाड्याच्या कागदासाठी दोघांचे पासपोर्ट पाहिले आणि माझ्या नवऱ्याचा चेहरा पडला. तो वडिलांना म्हणाला, "बाबूजी, यायचं त लगनच नाही झालं वाटते!" म्हातारपणी असले धंदे करणारी माणसं आपण घरात घेतली, या विचाराने आत्याबाई तर मटकन खालीच बसल्या. मामाजी मात्र शांतपणे म्हणाले, "त्या बाईनं आत्ता बुढ्यावर कसे डोळे वटारले, ते पाह्यलं नाही का तुमी? लगन झाल्याबिगर अशी नजर येत नाही." प्रश्न मिटला.

किमबाई कोबीत लाल तिखट आणि लसूण कालवून बरणीत मुरत घालायच्या. ती बरणी पहिल्यांदा उघडली त्या दिवशी आत्याबाई घरभर मेलेला उंदीर शोधत फिरल्या. पुढे त्याच बरणीतलं चार बोटं चाटून खाताना मी त्यांना स्वयंपाकघरात पकडलं. मैत्री झाली ती अशी. दुपारी दोघी ओसरीवर लसूण सोलत बसायच्या. आत्याबाई आपल्या गुडघ्यांचं रडगाणं झाडीबोलीत गायच्या, किमबाई आपलं काहीतरी कोरियनमध्ये सांगायच्या, आणि दोघी एकमेकींना मान डोलवायच्या. एका वर्षात किमबाई चांगलं बोलू लागल्या, तेही आत्याबाईंच्याच बोलीत. किमबुवा मात्र फोनवर अवलंबून. ते कोरियनमध्ये बोलायचे आणि फोन मासोळीवालीला भारदस्त आवाजात सांगायचा, "कृपया मला ताजे मासे द्यावेत." ती बिचारी उभी राहून ऐकायची.

आणि मग ते लाकूड आलं.

आमच्याकडे कुणी गेलं की सरणासाठी घरटी एक लाकूड त्या घरी पोचवतात. कुणी मागत नाही, कुणी सांगत नाही. शेजारचा एक म्हातारा गेला तेव्हा किमबाईंनी हे पाहिलं आणि आत्याबाईंना कारण विचारलं. आत्याबाई डोळे पुसत म्हणाल्या, "ज्या घरी दुःख असते, तथी द्यावं लागते व." एवढंच. यापेक्षा जास्त समजावून सांगायची गरज कुणाला वाटणार होती?

त्याच वर्षी धान कापणीच्या सुमारास मामाजींची छाती भरली. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा डॉक्टरांनी काही खात्रीचं सांगितलं नव्हतं. घरातलं कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. आणि भर दुपारी, सोयरेधायरे ओसरीवर बसलेले असताना, किमबाई खांद्यावर ऐनाचं भलंमोठं लाकूड घेऊन आल्या. धापा टाकत त्यांनी ते आमच्या दारात ठेवलं, त्याच्यामागे उभ्या राहिल्या आणि कमरेतून वाकल्या.

माझ्या हातातला पाण्याचा तांब्या सुटला. मग आत्याबाईंनी जी किंकाळी फोडली ती मी जन्मात विसरणार नाही.

"माह्यं कुंकू पुसाले आली व तू! जित्या मानसाले लाकूड आनतं!"

किमबाईंना काही उमगेना. त्या एकदा लाकडाकडे, एकदा आत्याबाईंकडे पाहत पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, "दुःख हाये ना? म्हनून आनलं. काहून?" गलका ऐकून किमबुवा धावत आले, फोन वर धरला, आणि त्या सगळ्या रडारडीत फोन म्हणाला, "आम्ही अत्यंत दिलगीर आहोत." माझा नवरा ओसरीवरून ताडकन उठला. "आजच्या आज खोल्या खाली करा," तो म्हणाला. गावात दुसरं कुणी त्यांना थारा देणार नव्हतं, हे तिथं बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

तेवढ्यात आतून खोकत खोकत मामाजींचा आवाज आला. "घर माह्या नावानं हाये. मी जित्ता आहो तवरी त्यायले कोनी काढाचं नाही. एवढं ओझं उचलून आनलं तिनं, तिले पानी त विचारा." जरा दम घेऊन म्हणाले, "अन् ते लाकूड फोडून माह्या आंगोळीचं पानी तापवा. अंग कसं चिकट झालं."

मामाजी बरे झाले. दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेला आपल्या पायांनी गेले. खोल्या राहिल्या, भाडेकरू राहिले, पण आत्याबाईंनी बोलणं टाकलं ते टाकलंच. किमबाई दुपारी ओसरीच्या पायरीशी लसणाची टोपली घेऊन यायच्या, उभ्या राहायच्या. आत्याबाई उठून आत जायच्या. मी समजावलं, मामाजींनी समजावलं. "मन फाटलं माह्यं," एवढंच उत्तर. त्या टोपलीकडे पाहून माझा जीव तुटायचा. परक्या मुलखात त्या बाईची एकच मैत्रीण होती.

उन्हाळ्यात एका सकाळी किमबुवा पायरीवर बसून बुटांची नाडी बांधत होते, ते तसेच पुढे कलंडले. मला वाटलं, कुणाला तरी नमस्कारच करताहेत. जवळ गेले तर सगळं संपलेलं होतं.

मुलगा कोरियातून यायचा होता. तोवर किमबुवांना आतल्या खोलीत बर्फाच्या पेटीत ठेवलं. गाव जमलं. आणि जमलेल्या माणसांना जो धक्का बसला तो बुवांच्या जाण्याइतकाच मोठा होता. किमबाईंनी शेगडी पेटवली होती! घरात माणूस गेलेला, आणि भाताचं भगुणं रटरटतंय, भाजीचा लालभडक रस्सा उकळतोय. आमच्याकडे अशा घरात चूल पेटत नाही, पाण्याचा घोटही कुणी घेत नाही. किमबाई कोरड्या डोळ्यांनी बाहेरच्या खोलीत ताटं मांडत होत्या, येणाऱ्या प्रत्येकाला वाकत होत्या, म्हणत होत्या, "जेवा."

बायका भिंतीला चिकटल्या. कुणीतरी कुजबुजलं, "मुडदा घरात अन् हे काय व माय!" मी जवळ जाऊन हळूच विचारलं. त्या म्हणाल्या, "आमच्याकडं असंच. भेटाले आलेला मानूस उपाशी गेला, त याले वाईट वाटंल." आणि आतल्या खोलीकडे बोट दाखवलं. मी हे सगळ्यांना सांगितलं. तरी कुणी हललं नाही. माझेही पाय उचलेनात. वाढलेल्या ताटांवरची वाफ विरत चालली होती.

तेव्हा दारात आत्याबाई उभ्या दिसल्या. माझं बोलणं त्यांनी ऐकलं असावं. लाकडाच्या दिवसापासून त्यांनी हा उंबरा ओलांडला नव्हता. भिंतीचा आधार घेत, गुडघे धरत त्या कशाबशा खाली बसल्या आणि एक ताट स्वतःपुढे ओढलं.

"आई!" माझा नवरा दारातून ओरडला.

"चूप राय. तवा तिले आपली रीत ठाऊक नव्हती. आता मले तिची ठाऊक झाली."

त्यांनी घास घेतला. तिखटाने म्हणा, कशाने म्हणा, डोळ्यांतून घळघळा पाणी वाहू लागलं, पण घास थांबला नाही. सकाळपासून कोरड्या राहिलेल्या किमबाई हातात पळी धरून उभ्या होत्या, त्या तिथंच हमसून हमसून रडायला लागल्या. आत्याबाईंनी मान वर न करता ताट पुढं सरकवलं.

"वाढ व, अजून वाढ."