बंद गटावर टाकलेला निरोप

भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की मी उठून चहा टाकायला जाते. त्यामुळे हे लिहिताना मलाच अवघडल्यासारखं होतंय… पण झालं ते असं.

माझे दीर सुधीर भावजी मुकुंदवाडीत राहायचे. त्यांचा आणि नणंदेचा, शोभाताईंचा, रक्तगट बॉम्बे — शोधूनही न मिळणारा. अशा लोकांसाठी भावजींनी घरच्या कॉम्प्युटरवर सर्व्हर चालवून गट केला होता. मोबाइलवर निरोप पाठवायचं हे नेटवर्क एका कंपनीचं नसतं; असे छोटे सर्व्हर एकमेकांना जोडलेले असतात. भावजी वारले. मीच प्लग काढला, वायर सुतळीनं बांधली आणि मशीन आमच्या माळ्यावर टाकलं. गट सभासदांच्या मोबाइलवर अजून दिसतो, पण ती नुसती जुनी प्रत. तिथं लिहिलेलं ज्याचं त्याच्यापाशीच राहतं.

यंदा शोभाताईंचं ऑपरेशन झालं आणि रक्तस्राव थांबेना. जमवलेली पिशवी संपली. "आणखी लागेल, लवकर बघा," डॉक्टर म्हणाले. फोन कुणी उचलेना. घाईत, सवयीनं, मी त्याच गटावर लिहिलं — शोभाताईंना रक्त पाहिजे, लगेच या. पाठवल्यावर लक्षात आलं, गट तर बंद! आणि हॉस्पिटलचं नावही लिहिलं नव्हतं.

मी परत फोन लावायला घेतला. तेवढ्यात वाळूजच्या कंपनीच्या गणवेशातला एक माणूस धापा टाकत जिना चढून आला.

"भाभी, मैं सलीम. गटातला. शोभाताई कुठंयत?"

"तुला कुणी सांगितलं?"

"लो! तुम्हीच बुलावलं ना!"

त्यानं मोबाइल पुढं केला. माझा निरोप होता. त्याखाली हॉस्पिटलचं नाव आणि मजला — गटाच्या खात्यावरून. ते खातं फक्त भावजी चालवायचे.

"भाभी, वो बाद में देखो. खून किधर देना, बोलो."

शोभाताई वाचल्या. आता माझ्या भाजीत मीठ कमी असल्याचं रोज सांगतात.

कॉम्प्युटरवाल्या भाच्याला विचारलं.

"मामी, असं होऊच शकत नाय."

"झालंय ना पण?"

बाकी सभासदांकडे चौकशी केली, निरोप कुणालाच मिळाला नव्हता. माळ्यावर चढून पाहिलं. सुतळी मी बांधली तशीच, वर धूळ.

परवा सोयगावहून एका बाईचा फोन आला. "पोराला रक्त लागतंय ताई, तुमच्या गटावर टाका ना, तिथं माणसं येतात म्हणं."

मी एकेकाला फोन लावला, रक्त मिळालं. गटावरही लिहिलं होतं, हॉस्पिटलच्या नावासकट. त्याखाली काहीच आलं नाही. तरी दिवसातून कितीदा उघडून बघते ते सांगत नाही.

मशीन भंगारात द्यायचं होतं. अजून माळ्यावरच आहे.