कंपायलरने गिळलेलं ‘नाही’

ऑफिसातले किस्से माझ्याकडे मुलीच्या धुतलेल्या कपड्यांसारखे साठतात. घडी घालू, घालू म्हणता म्हणता खाली खुर्ची आहे हेच विसरायला होतं. जळगावच्या आमच्या ऑफिसात ठिबकच्या मोटारीचे कंट्रोलर बनतात. शेतकरी त्याला डबाच म्हणतात. डब्याच्या आतला प्रोग्राम मी लिहिते. मुलगी चालायला लागल्यावर कामावर परत आले आणि लगेच हे सगळं झालं, म्हणून निदान ही एक खुर्ची रिकामी करते.

* * *

नियम साधा होता: विहिरीत पाणी नसेल तर मोटार चालू करायची नाही. शिरपूरजवळच्या एका आबांच्या केळीत बसवलेल्या डब्याने नेमकं उलटं केलं. विहीर कोरडी आणि मोटार चालू. आबा जवळच होते, त्यांनी हाताने बंद केली म्हणून मोटार वाचली.

आबा फोनवर रागावले असते तर बरं झालं असतं. शांतपणे अहिराणीत म्हणाले, “बाई, तुमना डबा मनं आयकत नही. घरमा बी कोनी आयकत नही, पन त्या फुकट शेतस.” ते फुकट आहेत, म्हणजे डब्याला मात्र पैसे मोजलेत.

* * *

आमच्या मालकांना सगळे भाऊ म्हणतात. त्यांनी बाकीचे डबे पाठवणं थांबवलं आणि मला केबिनमध्ये बोलावलं. “या आठवड्यात सापडलं नाही तर प्रोग्राम योगेशकडे देऊ. तुमचं बाळ लहान आहे, आम्हाला कळतं.”

योगेश म्हणजे आमचा धुळ्याचा माणूस, शेतावर जाऊन डबे बसवणारा आणि प्रोग्रामिंगही शिकलेला. त्याच्याकडे प्रोग्राम जाण्याचं मला इतकं लागलं नाही. ‘आम्हाला कळतं’ हे मात्र लागलं.

* * *

माझ्या टेबलावर तोच प्रोग्राम शहाण्यासारखा वागायचा. आत काय चाललंय ते स्क्रीनवर दिसावं म्हणून मी तिथे एक जादा ओळ घातलेली होती. ती ओळ असली की चूक गायब. ओळ काढली की चूक हजर.

मला यात नवीन काही वाटलं नाही. माझ्या मुलीचा ताप दवाखान्याच्या पायरीवर उतरतो आणि परतीच्या रिक्षात चढतो. भाऊंना हे दाखवलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे अगदी आमच्या डॉक्टरांसारखं बघितलं.

* * *

“कंपायलरचीच गडबड नसेल ना, ताई?” योगेशने फोनवर विचारलं.

कंपायलर म्हणजे आमचा दुभाषी. आम्ही लिहितो ते चिपला कळेल अशा भाषेत उतरवून देणारा प्रोग्राम. म्हटलं, “छे. जगभर लोक तो वापरतात. चुकलेली मी एकटीच असणार.” दूध नासलं तरी मी हेच गणित मांडते.

“ताई,” योगेश म्हणाला, “त्या कंपायलरनं स्वतः कबुली दिली ना, तरी तुम्ही त्याला जामीन राहाल.”

* * *

शेवटी योगेश एसटीने जळगावला आला. आम्ही प्रोग्राम कापत सुटलो. एक तुकडा काढायचा, चालवून बघायचं. चूक अजून आहे? मग पुढचा काढायचा. भाऊ मागून डोकावले आणि घाबरले. “एवढा मोठा प्रोग्राम होता, गेला कुठं?”

“पानं कापतोय भाऊ. आता घड दिसायला लागलाय,” योगेश म्हणाला.

मूठभर ओळी उरल्या, तेव्हा कंपायलरने त्यांचं काय केलंय ते आम्ही एकेक शब्द लावून वाचलं. प्रोग्राम जलद चालावा म्हणून कंपायलर थोडी काटछाट करतो. त्या काटछाटीत माझी ‘पाणी नाही’ ही अट ‘पाणी आहे’ झाली होती. माझी जादा ओळ असली की तिथे काटछाट होत नव्हती, म्हणून चूकही नव्हती. योगेशने दोनदा वाचलं. “ताई, ह्यानं तर ‘नाही’च गिळलं.”

माझी मुलगी सध्या एकच शब्द बोलते. दूध? नाही. झोपायचं? नाही. इकडे कमी पडलेलं ‘नाही’ कुठे गेलं ते मला कळलं.

* * *

कंपायलर बनवणाऱ्यांना मी मेल लिहिला. ‘कदाचित माझंच चुकत असेल’ हे वाक्य योगेशने तीन ठिकाणांहून खोडलं. तिकडून उत्तर आलं: चूक आमची आहे, दुरुस्त करतोय, इतकं नेमकं उदाहरण दिल्याबद्दल आभार. भाऊंनी ते माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतलं आणि म्हणाले, “प्रोग्राम राहू द्या तुमच्याकडेच.”

तोवर आम्ही ती काटछाट बंद करून आबांचा डबा बदलून दिला होता आणि बाकीचे पाठवायला लागलोच होतो. आबांचा फोन आला. “आते आयकस. आसाच एक घरमा बसाडी द्या.”

* * *

त्या संध्याकाळी चप्पल काढतानाच मी अक्कांना सांगितलं. अक्का म्हणजे माझ्या सासूबाई; गल्लीत कुणाचंही पोर धडपडलं की आधी त्याच्या आईला शोधणाऱ्या. दिवसभर मुलगी त्यांच्याकडे असते, आणि आठवडाभर माझं उतरलेलं तोंड त्याच बघत होत्या. मुलीला वरणभात भरवत बसल्या होत्या.

“अक्का, ती चूक माझी नव्हतीच.”

“मंग कोनी व्हती?”

“कंपायलरची.”

अक्कांचा हात घासासकट थांबला. जरा विचार करून त्यांनी विचारलं, “मंग त्यानी माय कोठे व्हती?”