बेअरिंग बदलत नव्हतं

गेल्या रविवारी लोणावळ्याला शंकरभाऊंकडे गेलो होतो… आणि पाणबुडीच्या खेळात सलग चौथ्यांदा बुडालो. खेळच तो, पण त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

येत्या सोमवारी मला मालवाहू जहाजावर खलाशी म्हणून हजर व्हायचंय. शाळा सातवीपर्यंत, समुद्र एकदाच पाहिलेला. पहाऱ्यावर उभं राहून दुसरं जहाज कोणत्या दिशेला आहे नि कुठे चाललंय ते सांगावं लागतं म्हणतात. चुकलो तर… या विचारानं महिनाभर धड झोप नाही. ते बघून आईनंच मला भाऊंकडे शिकायला धाडलं.

भाऊ आईच्या माहेरचे, इंदुरी गावचे. महायुद्धात ते आणि माझा मामा एकाच जहाजावर होते. मामा परत आला नाही. भाऊ आले, आणि तेव्हापासून लोणावळ्यात एका बंगल्याची राखण करतात.

खेळ त्यांनीच बसवलेला. पडवीतल्या शहाबादी फरशा म्हणजे समुद्र. माझं जहाज उत्तरेला निघालेलं, दर डावाला खडूनं एक फरशी पुढे सरकवायचं. भाऊ दाराआड बसून कागदावर पाणबुडी चालवतात. ती मला दिसत नाही. तिचा आवाज कुठून येतो, एवढंच ते सांगतात. ‘बेअरिंग साठ’ म्हणजे उत्तरेपासून उजवीकडे साठ डिग्री. मी कोनमापक लावून रेघ ओढायची, आणि अशा रेघांवरून ती कुठे चाललीय ते ओळखायचं. ती माझ्याच फरशीवर आली की मी बुडालो, म्हणून तसं वाटलं तर आधीच जहाज वळवायचं.

एका रेघेवरून दिशा कळते, अंतर कळत नाही. पण डावागणिक रेघ माझ्या जहाजाच्या नाकाकडे सरकली तर ती पुढून निघून जाणार, शेपटाकडे सरकली तर मागून… इतपत मला जमू लागलं होतं. ‘सातवी पास, खडू नापास,’ असं भाऊ अधूनमधून चिडवायचे, तरीही.

रविवारी भाऊ म्हणाले, साठ. पुढच्या डावाला पुन्हा साठ. तिसऱ्यांदाही साठ. मला हायसं वाटलं. फरक नाही, म्हणजे ती जागेवर थांबलीय, असं मी वहीत नीट अक्षरात लिहिलं.

पुढच्या डावाला भाऊ बाहेर आले आणि त्यांनी खडूची फुली माझ्याच फरशीवर मारली.

“तू चालला हुतास ना? मंग थांबलेली वस्तू मागं नगं पडाया?”

त्यांनी विचारलं, बैलगाडी कधी हाकलीय का? हाकलीय की, वडिवळ्याहून कामशेतला भाताची पोती घेऊन. मग तिठ्याकडे दुसऱ्या रस्त्यानं गाडी येत असली तर काय बघतोस? मी म्हणालो, ती बैलाच्या शिंगापासून पुढे सरकतेय का मागे. शिंगावरच टिकून राहिली तर दोघं तिठ्यावर एकदमच पोचणार, मग आपण कासरा ओढायचा…

बोलता बोलता मी फरशीवरच्या तिन्ही रेघांकडे पाहिलं. साठ, साठ, साठ. ती थांबलेली नव्हती. माझ्यावरच येत होती.

आता भाऊ हसतील असं वाटलं. ते पायरीवर बसले आणि न विचारता सांगू लागले. जहाजावर आवाज ऐकायच्या यंत्रापाशी तेच होते. फरक पडला की सांग, असा हुकूम होता. पहाटे पाणबुडीचा आवाज आला, तो त्यांनी कळवला. मग बराच वेळ बेअरिंग तेच राहिलं. फरक पडेना म्हणून ते गप्प बसले… आणि त्यांनाही हायसंच वाटलं होतं.

“गाडीवानाचं प्वार मी. शिंगावरची गाडी मला वळखता आली न्हाई. तुजा मामा खाली इंजिनात हुता.”

मी निरोपही न घेता निघालो. आईला सांगायचं नाही, असं वाटेत पक्कं ठरवलं. पण माझ्या तोंडावर सगळं दिसतं. ती भाकरी थापत होती, मी चुलीशी बसलो आणि सगळं सांगून टाकलं.

तिचे हात थांबले नाहीत.

“ठावं हाय मला. परत आला त्या दिसीच सांगाया आलता. उंबऱ्याच्या आत पाय न्हाई ठेवला त्यानं.”

मग मला त्यांच्याकडेच का धाडलंस, मी विचारलं.

“मंग कुणाकडं धाडू? ज्याचं कदी चुकलंच न्हाई, त्यो तुला हसून सोडून दील. ह्यो न्हाई सोडायचा.” भाकरी तव्यावर टाकून ती म्हणाली, “माफ न्हाई केलं मी त्याला. तू जा उद्या.”

गेलो. रोज जातोय. काल दोनदा एकच बेअरिंग आलं, तिसऱ्याची वाट न बघता मी जहाज वळवलं. भाऊंनी दार उघडून फरशीकडे बराच वेळ बघितलं. म्हणाले, “वळलास. बरं केलंस.” आणि पुन्हा आत जाऊन बसले.

सोमवारी निघतो. भीती आहे तशीच आहे. पण ज्याला ती माफ करू शकली नाही, त्याच्याच हाती आईनं मला दिलं, आणि त्यानं आपली सगळ्यात वाईट पहाट माझ्यासाठी रोज पडवीत मांडली… हे फेडायचं कसं, ते मला अजून कळलेलं नाही.