फळा बघून कॉलेज निवडणारे मास्तर

आमच्या रियाझीच्या मास्तरांइतका कॉलेजांचा पारखी उभ्या निजाम राज्यात झाला नाही, हे मी छातीठोक सांगतो. गणिताला तेव्हा आम्ही रियाझी म्हणायचो, शिक्षणच सगळं उर्दूत. मास्तर मूळचे आमच्या सिल्लोडचे, औरंगाबादेत इंटरला शिकवायचे. कॉलेजचं नाव, इमारत, तिथून कोण साहेब झाला, असल्या गोष्टी त्यांना दिसतच नसत. ते फक्त फळा बघत. परगावी निकाहला गेले तरी बिर्याणी सोडून तिथल्या कॉलेजात शिरायचे. शिपायानं "कोण पाहिजे?" म्हणून हटकलं, की शांतपणे सांगायचे, "फळा." खोडाखोड दिसली की खूश. "साफ फळ्याच्या कॉलेजात पोरं अक्षर शिकतात, रियाझी नाय."

मी घराण्यातला पहिला इंटर पास, आणि गणितात डॉक्टरेट करायची म्हणून हटून बसलेला. आमचे बा त्यांच्याकडं गेले. "मास्तर, मुंबईला घालतो याला. नाव असल्याबिगर पुढं कोण घेतंय?" मास्तर म्हणाले, "पाटील, नाव काय चाटायचं हाय? आधी बघून येतो." मनमाडला गाडी बदलून आम्ही दोघं मुंबईला गेलो. वर्गाच्या खिडकीशी उभे राहिलो. प्रोफेसर वहीतून सांगत होते, पोरं उतरून घेत होती, तासभर कुणी खोकलंसुद्धा नाही. "चल," मास्तर कुजबुजले, "इथं कुणीतरी वारलंय." मग हैदराबाद. तिथं प्रोफेसर फळ्यावर अडकले होते, तीन पोरं एकदम ओरडत होती आणि चौथ्यानं खडूच हातात घेतला होता. मास्तरांनी खिडकीबाहेरून टाळ्या वाजवल्या! मी तिथंच बी.एस्सी., एम.एस्सी. झालो.

पण बांचं भय खरं निघालं. डॉक्टरेटसाठी कलकत्त्याच्या ज्या प्रोफेसरांकडं अर्ज केला, त्यांनी कळवलं, तुमचं कॉलेज मला ठाऊक नाही, तुम्हाला ओळखणाऱ्या कुणाचं पत्र पाठवा. मी पडेल चेहऱ्यानं मास्तरांकडं आलो. त्यांनी उभ्याउभ्या लिहिलं, 'या मुलानं चारदा भर वर्गात माझी चूक काढली. तीनदा तोच चुकला होता.' मी हबकलो. "मास्तर, ते तीन कशाला लिहिलं?"

"चौथ्यावर भरवसा बसावा म्हणून. टाक पेटीत."

महिन्यानं होकार आला. पत्र घेऊन मी पळतच त्यांच्या घरी गेलो. त्यांनी चष्मा पुसला, दोनदा वाचलं. त्यांनीही तरुणपणी असाच अर्ज केला होता, हे त्या दिवशी पहिल्यांदा बोलले. "मला ओळखणाऱ्याचं पत्र कुणी मागितलंच नाय रे. कॉलेजचं नाव वाचलं अन् नाय म्हणाले."

मी पत्रासाठी हात पुढं केला. ते हसले, पण कागद सोडला नाही.

"बांना तोंडी सांग तवर," म्हणाले. "हे संध्याकाळपर्यंत राहू दे माझ्याकडं."