समिती खालच्या मजल्यावर बसली होती

मिलिंद माझा मोठा भाऊ. वय एकतीस. सोमवारी सकाळी अकरा ते पावणेबारा या वेळात, हैदराबादच्या बाहेरच्या एका व्यसनमुक्ती केंद्रात, पहिल्या मजल्यावर, त्याचे दोन्ही हात चादरीच्या पट्ट्यांनी पलंगाला बांधलेले होते. त्याच पाऊण तासात खालच्या मजल्यावर केंद्राच्या देखरेख समितीची बैठक चालू होती. समितीत चार माणसं. चौथी मी.

हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी बऱ्याच जणांवर ओरडणार आहे.

सुरुवात बाइकच्या अपघातापासून. मांडीचं हाड मोडलं, रॉड घातला. दुखण्यावर टॅपेंटाडॉल नावाची गोळी मिळाली. ही अफूच्या कुळातली जोरदार वेदनाशामक. चिठ्ठी दहा दिवसांची होती. एका मेडिकलवाल्यानं त्याच चिठ्ठीवर ती दीड वर्ष दिली. हाड जुळलं, गोळी सुटली नाही. गोळी चुकली की मिलिंदला जांभया, घाम, जुलाब, अंगावर काटा. आम्ही समजलो, पोट बिघडलं. मम्मी जिऱ्याचं पाणी द्यायची.

सरकारी दवाखान्यातल्या मानसोपचाराच्या मॅडमनी दहा मिनिटांत ओळखलं. "ओपिऑइड यूज डिसऑर्डर," त्या म्हणाल्या. म्हणजे अफूच्या कुळातल्या औषधावाचून शरीर आणि मेंदू दोन्हींचं चालेनासं होणं. मम्मीनं विचारलं, "म्हंजे दारूवानीच ना?" मॅडम तेलुगू, आमच्याशी हिंदीत बोलायच्या. म्हणाल्या, "बीमारी है अम्मा. शुगर जैसी. गोली बंद नहीं करना है, बदलना है."

बदलायची गोळी म्हणजे ब्युप्रेनॉर्फिन. जिभेखाली ठेवून विरघळवायची. ती तलफ भागवते, अंगाची तडफड थांबवते, पण पहिलीसारखी नशा चढवत नाही. सुरुवातीला रोज दवाखान्यात यायचं आणि नर्ससमोर घ्यायची. मिलिंद अकरा दिवस गेला. अकराही दिवस झोपला, जेवला. एकदा गोळी जिभेखाली असतानाच नर्सला खुणेनं काहीतरी सांगत होता. ती ओरडली. गोळी विरघळल्यावर म्हणाला, "सिस्टर, एवढा वेळ गप्प बसायची सवय आमच्या घरात कुणालाच नाही."

तो हायटेक सिटीत एका कंपनीच्या कॅब सांभाळायचा. दवाखान्याची खिडकी दहाला उघडायची, शिफ्ट पहाटे सहाला सुरू व्हायची. बाराव्या दिवशी साहेबानं सांगितलं, सुट्टी एकदम घे नाहीतर घेऊच नको. म्हणून आम्ही ठेवून घेऊन उपचार करणारं केंद्र शोधलं. भिंतीवर नोंदणीचं प्रमाणपत्र होतं. रुग्णांच्या हक्कांची यादी होती, तीन भाषांत. फॉर्मवर त्यांनी ब्युप्रेनॉर्फिन चालू ठेवू असं लिहून दिलं. मी प्रत्येक ओळीवर प्रश्न विचारला. संचालक हसले.

"बेटी, तुम तो वकीलां के जैसा पूछरे. कमिटी में आ जाओ ना. हमकू भी घरवालों की तरफ से ऐसीच पढ़ी-लिखी बच्ची होना."

मी कॉलेजपासून पत्रकं लिहिते. निम्मं आयुष्य 'प्रतिनिधित्व द्या' म्हणून घसा फोडण्यात गेलं. आणि इथे एक माणूस खुर्ची पुढे ओढून म्हणत होता, घ्या. मी घेतली. फुगले, खरं सांगायचं तर.

केंद्राचा नियम होता : पहिले पंधरा दिवस घरच्यांची भेट नाही. नवव्या दिवशी समितीची बैठक आली. मिलिंद वर होता, मी खाली. मध्ये एक जिना. मी चढू शकत होते, समितीच्या सदस्याला कोण अडवणार? पण मला वाटलं, समितीत बसून स्वतःच्या भावासाठी नियम वाकवला तर तो वशिला. पप्पा रेल्वेच्या वर्कशॉपात होते. वशिल्याची माणसं त्यांच्या पुढे कशी सरकत गेली, ते आम्ही नांदेडहून इकडे आल्यापासून रोज जेवताना ऐकलंय. वशिला आमच्या घरात शिवीसारखा शब्द.

अध्यक्ष एक निवृत्त अधिकारी. त्यांनी समोसा पुढे करत विचारलं, "भाई कैसा है तुम्हारा?"

मी म्हणाले, "सर, वो आज की बैठक का विषय नहीं है."

"वा!" ते संचालकांना म्हणाले, "देखो, उसूल इसकू बोलते. तुम्हारे यहाँ तो समोसा भी सिफारिश से आता है."

सगळे हसले. मीही हसले. मोठ्यानं.

वरून कुणीतरी ओरडल्याचा आवाज आला. संचालक म्हणाले, "नया पेशंट है, दो दिन में सेट हो जाता." पुढचा विषय तक्रारी. 'कोई शिकायत नहीं' असं लिहून ठेवलेलंच होतं. मला ते ढिसाळ वाटलं. मी पेन घेऊन खोडलं आणि नीट लिहिलं : 'आजपर्यंत कोणत्याही रुग्णाकडून अथवा कुटुंबाकडून तक्रार प्राप्त झालेली नाही.' इंग्रजीत लिहिलं, पण अर्थ हाच. चौघांनी सह्या केल्या. समितीवरचे डॉक्टर सहीपुरतेच आले होते.

सोळाव्या दिवशी मिलिंदला आणायला गेले. भर उन्हाळ्यात त्यानं पूर्ण बाह्यांचा शर्ट घातला होता. ऑटोत बाही वर गेली आणि मला मनगटं दिसली. ब्युप्रेनॉर्फिन दुसऱ्याच दिवशी बंद केली होती. 'गोली से गोली नहीं छूटती', हा तिथला सिद्धांत. मग उलट्या, जुलाब, हाडं ठेचल्यासारखं दुखणं. तो दाराकडे धावायचा, म्हणून बांधलं. चार दिवस.

तो शांतपणे बोलत होता. "सोमवारी तुझा आवाज आला मला. तू हसलीस ना? मी ओरडायचं थांबवलं. म्हटलं, आली. आता वर येईल."



मानसिक आरोग्याचा कायदा काय म्हणतो ते मी नंतर वाचलं. आधी वाचायला हवा होता. साखळदंड साफ मना. हातपाय बांधायचेच झाले तर दुसरा काही इलाज नसताना, मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीनं, गरजेपुरतं, नोंद करून. आणि रुग्णानं नेमलेल्या माणसाला चोवीस तासांत कळवून. मिलिंदनं नेमलेलं माणूस मीच होते. कळवायला लांब जायचं नव्हतं. मी खाली समोसा खात होते.

पुढचं नीट वाचा, तुमच्या घरी लागेल. गोळी पंधरा दिवस बंद राहिली की टॉलरन्स उतरतो. टॉलरन्स म्हणजे शरीराची औषध पचवायची सवय. तलफ तेवढीच राहते, सवय जाते. मग माणूस पूर्वीइतकंच घेतो आणि त्याचा श्वास थांबतो. केंद्रातून निघताना हे कुणी सांगितलं नाही. घरी येऊन पाचव्या दिवशी मिलिंदनं पूर्वीइतक्या गोळ्या घेतल्या. मम्मी हाक मारायला गेली तर ओठ निळे. दवाखान्यात नॅलोक्सोन दिलं, म्हणजे या औषधांवरचा उतारा, आणि रात्रभर यंत्रावर ठेवलं. तो वाचला. अॅम्ब्युलन्स येईपर्यंत फोनवरच्या बाईनं मम्मीला तोंडानं श्वास द्यायला शिकवलं. मम्मीला तेलुगू धड येत नाही, तरी त्या बाईनं कंटाळा केला नाही. आभार मानायचे तर तिचे. आणखी कुणाचे मानावेत असं मला सापडलं नाही.

मी तक्रार केली. सहा पानं, पुरावे, मनगटांचे फोटो. बरेच दिवस या कार्यालयातून त्या कार्यालयात फिरले. शेवटी उत्तर आलं, एका पानाचं. केंद्राची देखरेख समिती नियमित बसते, त्या काळात तक्रार नव्हती. सोबत पुरावा जोडला होता : बैठकीचं इतिवृत्त. त्यात माझं वाक्य, माझं अक्षर, माझी सही. मी लिहिलेलं एवढं परिणामकारक पत्रक दुसरं नाही.

केंद्र चालू आहे. कुटुंबाची खुर्ची आता दुसऱ्या कुणाच्या तरी आईला दिली आहे.

सरकारी दवाखान्यातल्या मॅडम म्हणतात, त्याला आणा, सकाळी लवकर द्यायची सोय करू. म्हणजे औषध आहे, वेळ आहे, डॉक्टरही चांगली आहे. मिलिंद येत नाही. नोकरी गेली. गोळ्या परत चालू आहेत, कुठून आणतो माहीत नाही. मम्मी रोज त्याच्या नाकाशी हात धरून श्वास बघते. परवा मी पुन्हा विषय काढला. म्हणाला, "दवाखान्याच्या फॉर्मवर घरच्यांची सही कुणाची?"

मी म्हणाले, "माझी."

"मग राहू दे," म्हणाला, आणि भिंतीकडे तोंड करून झोपला.

तो बरा होईल असं मला वाटत नाही. हे लिहून काही बदलेल असंही वाटत नाही. पण तुमचं माणूस आज अशा एखाद्या केंद्रात असेल. नाहीतर तुम्हालाही कुणी समितीची खुर्ची दिली असेल, आणि तुम्ही प्रामाणिक असाल, माझ्यासारखे. सोमवारी तुम्ही जाल. चहा येईल, कागद येईल, वरून आवाज येईल. पेन खाली ठेवा. परवानगी मागू नका. जिना चढा आणि प्रत्येक पलंगावरच्या माणसाची मनगटं बघा. मग खाली येऊन काय सही करायची ती करा.