सतरा नावांपुढे लिहिलेलं 'कळवलं'

ऑफिसात त्याला सगळे मामा म्हणत. भाच्यांचे लाड करावेत तसे तो सगळ्यांचे करी, आणि 'नाही' हा शब्द त्याच्या तोंडून म्हणून कधी निघत नसे. कंपनीतल्या सगळ्यात जुन्या प्रोग्रॅमची देखभाल त्याच्याकडे होती, आणि तो प्रोग्रॅमही धन्यासारखाच भिडस्त होता.

काम तसं साधं. वेबसाइटचं नाव दिलं की तिचा पत्ता शोधून आणायचा. इंटरनेटचे जुने आखूड पत्ते संपत आले, म्हणून नवे लांबलचक पत्ते निघाले. आता प्रत्येक सर्व्हरला आधी नवा पत्ता विचारायचा. शहाणा सर्व्हर सांगतो, 'नवा नाही', मग जुना विचारायचा. पण काही सर्व्हर इतके वेंधळे, की नवा पत्ता विचारला रे विचारला की 'या नावाचं इथं कुणी नाहीच' म्हणून मोकळे! असे सतरा मामानं हुडकले, त्यांची यादी प्रोग्रॅममध्ये घातली आणि त्याला शिकवलं, की यांचं बोलणं मनावर घ्यायचं नाही, गुपचूप जुना पत्ता विचारायचा.

टीमची प्रमुख वयानं लहान, पण जिभेनं तिखट. "मामा, आपण त्यांच्या चुका पोटात घालत बसलो तर ते सुधारणार कधी?"

"अगं, लोकांचं काम अडायला नको. मी कळवतो ना सगळ्यांना."

त्याला कळवायचं होतंही. पण अनोळखी माणसाला 'तुमचं चुकतंय' असं लिहायचं त्याच्या अगदी जिवावर येई. वार्षिक तपासणी तोंडावर आली तेव्हा त्यानं सतराच्या सतरा नावांपुढे 'कळवलं' असं लिहून टाकलं. कळवलं एकालाही नव्हतं. उद्या करू, परवा करू म्हणता म्हणता तीन वर्षं गेली.

कळवून तीन वर्षं झाली, एवढी मुदत पुष्कळ झाली, असं म्हणून प्रमुखबाईंनी यादी काढून टाकली. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या सतरांतल्या एका इस्पितळाची वेबसाइट प्रोग्रॅम वापरणाऱ्या कुणालाच सापडेना. बाहेरच्या लॅबमधून रिपोर्ट येईनात. तीन ऑपरेशनं पुढं ढकलली गेली. त्या रुग्णांतल्या एक आजी पहाटेपासून उपाशी होत्या, त्यांना तसंच घरी पाठवलं.

दुरुस्तीला मामाच गेला. इस्पितळाचा सर्व्हर बावीस वर्षं तात्या सांभाळत होते. मामानं दाखवलं आणि तात्यांनी एक सेटिंग बदललं. चहा निवायच्या आत काम झालं. मग दोघांना अधीक्षक मॅडमनी आत बोलावलं.

"यांच्या कंपनीनं पाठवलेल्या यादीत तुम्हाला तीन वर्षांपूर्वीच कळवल्याचं लिहिलंय," मॅडम तात्यांना म्हणाल्या.

"मला काही आलं नाही, मॅडम."

मॅडमनी मामाकडं पाहिलं. "पाठवलं होतं ना?"

खरं सांगावं, असं मामाला फार वाटलं. "मेल... गेलं असणार," तो टेबलाच्या कडेकडं बघत म्हणाला.

तात्यांचा चेहरा उतरला. "मग माझ्याच नजरेतून सुटलं असेल," ते म्हणाले. सोमवारपासून सर्व्हररूम दुसऱ्याकडं आणि तात्या रेकॉर्डरूममध्ये, असं तिथल्या तिथं ठरलं.

बाहेर बाकावर तात्या मांडीवर लॅपटॉप घेऊन बसले होते. "कोणत्या महिन्यात पाठवलं होतंत हो? सगळं उपसलं, सापडत नाही. डोळे गेले की काय माझे."

त्या माणसाला स्वतःवर शंका घेताना बघून मामाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"पाठवलंच नव्हतं, तात्या. एकालाही नाही."

तात्यांनी लॅपटॉप मिटला. "हे आत सांगायचं होतं," ते हळूच म्हणाले. मग दाराकडं बोट केलं. "मॅडम आहेत अजून."

मामा उठला. दार अर्धवट उघडं होतं. मॅडम एकट्याच होत्या, फायलीवर सही करत होत्या. तो तिथं दोन मिनिटं उभा राहिला असेल, आणि परत आला.

"फोनवर आहेत," तो तात्यांना म्हणाला, आणि लिफ्टची वाट न बघता जिन्यानं उतरला.