पदरावरची भोकं

"मावशी, ही नेसा."

संस्थेच्या बाईंनी माझ्या हातात कापडी पिशवी दिली. बेंगळुरूतल्या एका झगमगीत हॉटेलात, बायकांच्या स्वच्छतागृहात. पीण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या माझ्या शेडपेक्षा मोठं होतं ते, आणि गारही. आरशाभोवती दिवे, नाटकाच्या मेकअपच्या खोलीत असतात तसे. मी मनात म्हटलं, वा, आज आपली एंट्री जोरदार होणार.

पिशवीत एक विटकी सुती साडी आणि ब्लाउज निघालं.

"तुमची ही जांभळी छानच आहे हो," बाई म्हणाल्या. "पण पाहुण्यांना तुमचा प्रवास दिसायला हवा ना. हिच्यात तुम्ही अगदी बँकेच्या मॅनेजर वाटता."

मी हसले. विनोद कानावर पडला की मी लगेच हसते. तो आपल्यावरच आहे, हे कळायला जरा वेळ लागतो.

बाई मूळच्या पुण्याच्या. आता इथंच बेंगळुरूत, सर्जापूर रोडला राहतात. माझ्याहून फार तर तीन वर्षांनी लहान. पाचच मिनिटांपूर्वी माझ्यासमोर त्यांनी घरी फोन केला होता, "मावशी, भांडी झाली की कुकर लावा." तीच हाक, तोच सूर. माझ्या शेडमधली माणसं मला अक्का म्हणतात. त्या हाकेत मोठी बहीण आहे. या हाकेत खरकटी भांडी.

मी बावन्न वर्षांची. पीण्यात माझे दोन लेथ आणि सात माणसं. पंपाच्या दांड्याभोवती बसणारे पितळी बुश बनवते. नवरा गेला तेव्हा सगळे म्हणाले, शेड विका. मी लेथ शिकले. माल चांगला आहे, सगळे सांगतात. मग गिऱ्हाईक गप्पांत आडनाव विचारतं, गाव विचारतं, गावात घर कुठल्या बाजूला ते विचारतं. पुढच्या वेळी फोन उचलत नाही. म्हणून माझा बुश दुसऱ्याच्या खोक्यातून, दुसऱ्याच्या नावानं जातो.

त्या दिवशीची बैठक याच दुखण्यावर होती. पाच देशांची माणसं आली होती. काळे, आदिवासी, ज्यांना पिढ्यान् पिढ्या धंद्याच्या उंबऱ्यावरच अडवलं, त्यांच्या कारखान्यांतून परदेशी कंपन्यांनी थेट माल घ्यायचा, असा करार होणार होता. इथली यादी बाईंची संस्था देणार होती. त्या यादीत नाव लागलं की माझा बुश माझ्या नावानं जाणार होता. मला तेवढंच हवं होतं.

आता साडीचं सांगते.

सोलापुरात आई एका बंगल्यावर संडास धुवायची. दिवाळीला मालकीण जुनी साडी पायरीवर ठेवायची. हातात नाही, पायरीवर. ती आत गेली की आईनं उचलायची. एकदा तसलीच साडी नेसून आई माझ्या शाळेत आली. वर्गातली एक मुलगी मोठ्यानं म्हणाली, "ही तर माझ्या आईची साडी." वर्ग हसला. आईसुद्धा हसली. त्या दिवशी मी ठरवलं, दुसऱ्याचं उतरलेलं कापड अंगाला लावायचं नाही. चाळीस वर्षं पाळलं.

आणि त्या गार खोलीत, त्या दिव्यांसमोर, मी नेसले. कुणी जबरदस्ती केली नाही. यादीसाठी नेसले. आईसारखीच हसत.

सभागृहात बाई बोलायला उभ्या राहिल्या. लंडनच्या एका दुकानात रखवालदार चोर समजून त्यांच्या मागेमागे फिरला होता, ते सांगताना त्यांनी डोळे पुसले. खरंच पुसले, खोटं कशाला बोलू? वंश, रंग, वर्ण, सगळे शब्द आले. जात तेवढी आली नाही. मग त्यांनी माझ्याकडे हात केला. आम्ही हिला शिकवलं, आम्ही हिला उभं केलं, असं इंग्रजीत सांगितलं. समोर दक्षिण आफ्रिकेहून आलेली एक उंच, काळी बाई बसली होती. तिच्या आजीला गोऱ्यांच्या घरात मागच्या दारानं जावं लागायचं, हे सकाळी तिनंच सांगितलं होतं. माझ्या साडीकडे बघून तिचे डोळे भरले.

तेवढ्यात बाई माझ्या खांद्यावर नावाचा बिल्ला लावायला आल्या. पिन अलगद आत गेली. मी मान वळवून बघितलं. पदरावर आधीच भोकं होती. एक नाही, दोन नाही, खांद्याच्या त्याच जागेवर भोकांची चाळण. ब्लाउजच्या गळ्याला कुणाची तरी पावडर लागलेली. माझ्याआधी किती जणींना हीच साडी नेसवली होती. कुणी टोपल्या विणणारी असेल, कुणी शिवणारी. आमचा सगळ्यांचा प्रवास एकाच पिशवीत, घडी घालून.

मी बिल्ला काढला. उठले आणि आत जाऊन जांभळी नेसून आले. तोवर माझी खुर्ची हलवली होती. मग उभी राहिले. पर्समधून बुश काढला, मायक्रोमीटर काढला, दोन्ही त्या उंच बाईपुढे ठेवले.

माझ्या तोडक्या इंग्रजीत सांगितलं, मला यांनी शिकवलेलं नाही. बावीस वर्षं लेथवर आहे. ती साडी माझी नाही. माझी जात यांच्या कागदात नाही. हा बुश माझा आहे, मोजून बघा.

बाई मराठीत पुटपुटल्या, "मावशी, बसा. शोभा करू नका."

"मला मावशी म्हणू नका," मी म्हणाले. "मी तुमच्याकडे कामाला नाही."

कुणी मोजलं नाही. उंच बाईनं बुश मुठीत धरला, माझ्याकडे बघितलं, मग बाईंकडे. जेवणाची वेळ झाल्याचं जाहीर झालं.

यादी आली. माझं नाव नव्हतं. कारण लिहिलं होतं, संवादकौशल्य कमी. मी शेडमध्ये ते सगळ्यांना अभिनय करून वाचून दाखवलं. सगळे हसले. मग एकेक जण आपापल्या कामाला लागला. थेट माल जाणार म्हणून तिसरा लेथ घ्यायचं ठरलं होतं. ते राहिलं.

पुढच्या आठवड्यात संस्थेतून फोन आला. साडी चुकून माझ्या पिशवीत गेली का, पुढच्या कार्यक्रमाला लागणार होती. चुकून नाही, मी सांगितलं. मुद्दाम आणलीय.

सिद्दम्मा, माझ्या लेथवरची बाई, साडी हाताळून म्हणाली, "अक्का, कापड चांगलं आहे. मी नेसू?"

"नेसायला नको. पुसायला घे."

"सरी, अक्का," ती कानडीत हो म्हणाली. आम्ही दोघींनी मिळून ती टराटरा फाडली. खांद्यावरच्या भोकांचा तुकडा तेवढा मी पर्समध्ये ठेवला. आता लेथचं तेल तिच्या चिंध्यांनीच पुसतो.

त्या पिशवीत दुसरी साडी येईल, मला माहीत आहे. जुन्या साड्यांना तोटा नाही. पण पुढच्या बैठकीलाही मी जाणार आहे. जांभळी नेसून, यादीत नाव नसताना. आरशाच्या त्या खोलीच्या दारात उभी राहणार आहे. जिच्या हातात कापडी पिशवी दिसेल, तिला आधी पर्समधला तो भोकांचा तुकडा दाखवणार. मग तिच्याबरोबर आत जाणार, तिच्या स्वतःच्या कपड्यांत.